चार जयाबाई आणि रामरावांचं थ्रेशर

बाभुळगावात लग्न ठरलं की आधी मुहूर्त धरतात, मग मंडपवाला, मग आचारी, आणि मग घरातलं कोणीतरी चपला घालून जयाबाईंकडे निघतं. जयाबाई गावंडे शाळेतून निवृत्त झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. पण मंगलाष्टकांतून त्यांना कोणी निवृत्त होऊ दिलं नाही. अंतरपाट धरला, मुठीत अक्षता आल्या, की माईक हातोहात त्यांच्याकडे सरकतो. त्या पदर खांद्यावरून घेतात, कागद उलगडतात, आणि मंडपातली कुजबुज पाण्यात खडा बुडावा तशी खाली जाऊन बसते.

मंगलाष्टक त्या स्वतः रचायच्या. म्हणजे पूर्वी रचायच्या. संगणक घरी आला आणि त्यांना ‘शोधा आणि बदला’ ही सोय सापडली, तेव्हापासून गावातल्या बहुतेक नवऱ्या मुली एकाच अष्टकातून सासरी गेल्या. त्यात एक गुलाबाची कळी होती, ती बापाच्या अंगणात उमलायची आणि शेवटच्या कडव्यात दुसऱ्याच्या अंगणात दरवळायची. नाव तेवढं बदलायचं. कोणती मुलगी वृत्तात बसते आणि कोणती बसत नाही, हे जयाबाईंना बारशापासून ठाऊक असे. सुरभी अलगद बसते. निशिगंधा बसते, पण थोडी ओढून घ्यावी लागते. एकदा माया नावाच्या मुलीच्या अष्टकातून शीतलचं अष्टक करताना यंत्रानं इमानेइतबारे सगळ्याच माया बदलल्या, आणि ‘बापाच्या डोळ्यांत शीतल दाटली’ अशी ओळ भर मंडपात म्हटली गेली. लोकांना ती नवकविता वाटली. दोघींनी येऊन उतरवून मागितली.

अशा सगळ्या सुखात सुरभी आली.

सुरभी म्हणजे रामराव ढोल्यांची मुलगी. रामराव याच गल्लीत, कोपऱ्यावर त्यांचं कृषी केंद्र, आणि गावाबाहेर कपाशी-तुरीचं वावर. चौथीपर्यंत सुरभी जयाबाईंच्याच वर्गात होती, आणि आता फुलसावंगीच्या पियुषशी तिचं लग्न ठरलं होतं. ती पेढे घेऊन आली, पाया पडली, आणि उठायच्या ऐवजी तिथंच फरशीवर बसून राहिली.

“बाई, एक मागू?”

“माग नं.”

“माह्या लग्नात गुलाबाची कळी नका आणू.”

जयाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. “काहून? काय वाईट आहे कळीत?”

“वाईट काई नाई. पण निशिगंधाताईच्या लग्नात आणली, त्याच्या आधी तिच्या जावेच्या लग्नात आणली. मले पाठ आहे. मी अंतरपाटाच्या मागं उभी राहून तुमच्या आधी म्हणून टाकीन.”

“मग काय पाहिजे तुले?”

“माह्यं पाहिजे. फक्त माह्यं. दुसऱ्या कोण्या पोरीचं नाव त्यात टाकलं तं बसलंच नाई पाहिजे, असं.”

ती गेली आणि जयाबाई बराच वेळ बंद पडद्याकडे पाहत बसल्या. संगणकाच्या काळ्या काचेत त्यांचाच चेहरा दिसत होता, जरा चोरटा. मग त्यांनी ठरवलं की या पोरीला द्यायचं. कळीबिळी काही नाही. कोरं करकरीत.

*

इथं गल्लीच्या कुटुंबाची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दीडएक वर्षापूर्वी गझालाच्या लॅपटॉपवर पाणी सांडलं. गझाला मेंदी काढते, आणि तिच्या मेंदीची नक्षी तालुक्याबाहेरही मागितली जाते. तिचा नवरा जहीर ट्रॅक्टर, मळणीचं थ्रेशर, मोटारपंप दुरुस्त करतो. त्याचं गॅरेज घराच्या पुढच्या भागात, तिची मेंदी मागच्या भागात. लॅपटॉपसोबत तिचे सगळे मोर, सगळ्या कैऱ्या आणि सगळे झरोके बुडाले. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती जेवली आणि म्हणाली, आता पुन्हा नाही. तिनं कुठूनसं एक सॉफ्टवेअर हुडकून काढलं. संगणकात जे जे असेल त्याची नक्कल ते इंटरनेटवरून दूर कुठल्यातरी ढगात नेऊन ठेवायचं. यंत्र जळो, बुडो, चोरीला जावो. ढगातलं ढगात सुखरूप. त्यात एक कुटुंबासाठीची योजनाही होती. एका कुटुंबातले सगळे संगणक एकाच खात्यात.

“पण आपण कुटुंब कुठं आहो?” जयाबाई म्हणाल्या होत्या. चौघंही त्यांच्याच ओट्यावर जमली होती.

“वा,” रामराव म्हणाले. “एका नळावर पाणी भरतो, एकाच्या घरी भाजी झाली की चार घरी वाटी जाते. याले कुटुंब नाई तं काय म्हणते?”

“वो कंपनीवालोंको कौन बताने जाएगा,” जहीर म्हणाला. “बाई आपल्या मोठ्या. झालं कुटुंब.”

तर खातं जयाबाईंच्या नावानं निघालं. मग गझाला एकेका घरी जाऊन ते बसवू लागली, आणि प्रत्येक घरी सॉफ्टवेअरनं तोच प्रश्न विचारला: या संगणकाला नाव काय द्यायचं?

जयाबाईंच्या संगणकाला तिनं ‘जयाबाई’ नाव दिलं, ते सरळच होतं. कृषी केंद्रात तिनं रामरावांना विचारलं, “भाऊ, नाव कोणाचं टाकू?”

रामराव गिऱ्हाईकाला बियाणं देत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “पत्रिकेवर आधी कोणाचं टाकते? घरच्या मोठ्यायचं. बाईचं टाक.”

गॅरेजमध्ये जहीरनं ग्रीसचे हात पुसत तेच सांगितलं. मोठं माणूस घरात असताना आपलं नाव पुढं करणं बरं दिसत नाही. शेवटी स्वतःच्या नव्या लॅपटॉपपाशी आल्यावर गझालाला वाटलं, आता मीच एकटी वेगळी कशाला? तिनंही ‘जयाबाई’ टाकलं. अशा रीतीनं ढगात चार जयाबाई झाल्या, आणि गल्लीत कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट रोज सकाळी गझालाच्या फोनवर निरोप यायचा, ‘जयाबाई: सर्व काही सुरक्षित’, आणि ती गॅरेजच्या दारातून ओरडून सांगायची, “बाई सलामत.” जहीर हात जोडायचा. तो निरोप चौघींपैकी कोणत्या जयाबाईचा, हे विचारावं असं कधी कोणाच्या मनात आलं नाही.

जयाबाई त्या सॉफ्टवेअरवर खूश होत्या. पडद्याच्या कोपऱ्यात एवढासा ढग दिसायचा, त्यावर बाण वर-खाली करायचा. पहिल्या दिवशी गझाला शेजारी बसून होती आणि दुपारभर बाण पळत होता. नंतर तो फारसा पळताना दिसायचा नाही. संगणक रात्री मोकळा पडला की मगच काम करायचं, असा त्या सॉफ्टवेअरचा स्वभाव होता. आणि दिवेलागणीला देवापुढं समई लावायची, मग आत येऊन संगणकाच्या खोलीचं मेन स्विच खाली ओढायचं, असा जयाबाईंचा. मागं एकदा वीज पडून गल्लीतले दोन टीव्ही जळाले होते, तेव्हापासूनची ही सवय. यंत्रालाही झोप पाहिजे, असं त्या म्हणायच्या. दोन्ही स्वभाव आपापल्या जागी चांगलेच होते.

आणखी एक. जयाबाईंनी अष्टकासाठी एक सुरेख कागद तयार केला होता: चारही कडांना घंटांची नक्षी, वर मधोमध ‘॥ श्री चिंतामणी प्रसन्न ॥’. चिंतामणीचं कळंब इतकं जवळ असताना वर दुसरं काय लिहिणार. तो कागद कुटुंबात सगळ्यांना इतका आवडला की सगळ्यांनी नक्कल मागून नेली. रामराव त्यावर बियाण्यांची यादी काढू लागले, जहीर दुरुस्तीची अंदाजपत्रकं, गझाला मेंदीचे प्रकार. आणि जयाबाईंकडूनच सगळे शिकले होते की लिहून पुरं झालं की त्या फाईलला ‘फायनल’ नाव द्यायचं. जुनी ‘फायनल’ पुसून नवी.

*

सुरभीचं अष्टक जयाबाईंनी दिवाळीनंतर लिहायला घेतलं. कितीतरी वर्षांनी त्या शब्दांच्या मागं हिंडत होत्या, आणि शब्द आता पूर्वीसारखे हाकेला येत नव्हते. एक ओळ लिहायची, दोन पुसायच्या. भाजी करपायची. गल्लीतून जाणाऱ्याला खिडकीतून बोटांवर मात्रा मोजणारा हात दिसायचा. एक दिवस दाराशी जहीरनं विचारलं, “बाई, किती झालं?” त्या म्हणाल्या, “सहा कडवी. पण चौथं कडवं खोकते.” जहीर गंभीरपणे म्हणाला, “ऑइल बदलून पाहा.”

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आठवं कडवं जमलं. जयाबाईंनी ते स्वतःलाच मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांनी फाईलला ‘फायनल’ नाव दिलं. छापायचं सकाळी. दिवेलागणीला समई लावली, मेन स्विच ओढलं, आणि हळदीला गेल्या. तिथं सुरभीच्या कानात त्या एवढंच म्हणाल्या, “झालं. फक्त तुहं.” हळदीनं माखलेल्या पोरीनं त्यांना तशीच मिठी मारली. बाईंच्या जांभळ्या लुगड्यावर पिवळे दोन हात उमटले.

सकाळी त्यांनी संगणक सुरू केला. तो सुरू झाला नाही. आतून टक-टक असा आवाज आला, थांबला, पुन्हा टक-टक. काळ्या पडद्यावर इंग्रजीत पांढरी एक ओळ उमटली. जयाबाईंनी खिडकीतून हाक मारली. जहीर आला, खाली वाकला, त्यानं डब्याला कान लावला आणि डोळे मिटले.

“काय म्हणते?” बाईंनी विचारलं.

“काहीच नाई म्हणून राह्यलं, बाई. नुसतं दार ठोठावते. आतली डिस्क गेली.”

जयाबाई पलंगाच्या कडेवर बसल्या. लग्न दुपारी साडेबाराचं. आठ कडव्यांतलं पहिलं आठवावं म्हणून त्यांनी डोळे मिटले, तर आठवल्या त्या सगळ्या पुसलेल्या ओळी. खरी कोणती आणि टाकलेली कोणती, काही उमगेना. आणि त्या सगळ्यांच्या मागून, सांगितल्याशिवाय, गुलाबाची कळी डोकं वर काढत होती.

तेवढ्यात गझाला दारात उभी राहिली. नवरीला सजवायला निघालेली, हातात मोठी पेटी. तिनं सगळं ऐकलं आणि हसली. “अहो बाई, याच्यासाठीच तं ढग घेतला आपण. आज सकाळीच निरोप आला. जयाबाई, सर्व काही सुरक्षित.”

जीव भांड्यात पडायचा आवाज होत असता, तर तो कोपऱ्यावरच्या कृषी केंद्रापर्यंत गेला असता.

गझालानं आपला लॅपटॉप उघडला, खातं उघडलं, ‘फाईली परत आणा’ यावर बोट टेकवलं. पडद्यावर चार नावं आली.

जयाबाई.
जयाबाई.
जयाबाई.
जयाबाई.



“यातली मी कोणती?” जयाबाई म्हणाल्या.

“आता तुम्हालेच माहीत पाहिजे,” जहीर म्हणाला.

गझालानं कपाळाला हात लावला आणि तिला हसू आवरेना, हसता हसताच ती म्हणाली, “थांबा. चारही उतरवते. चौघींतली ‘फायनल’ काढते. एक तं तुमची असेलच नं.”

लग्नाच्या दिवशी आणि नेमक्या लग्नाच्या वेळी नेट कसं चालतं हे सगळ्यांना माहीत आहे. हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. मधून मांडवातून फोन येत होते: गझाला कुठं आहे, नवरीचा अंबाडा व्हायचाच आहे. बाहेर बँडवाल्यांनी सूर जुळवायला घेतले. शेवटी एकदाच्या चार ‘फायनल’ उतरल्या. गझालानं त्या उघडूनही न पाहता सरळ छापायला टाकल्या, चार गरम कागद बाईंच्या हातात दिले, म्हणाली, “तुमचं तुम्ही निवडा,” आणि पेटी घेऊन पळाली.

चार कागद. चारहींना कडेनं घंटा, चारहींच्या वर श्री चिंतामणी प्रसन्न.

जयाबाईंनी चष्मा चाचपला. चष्मा कालच्या पिशवीत, पिशवी रामरावांच्या घरी, हळदीच्या गोंधळात राहिलेली. जहीरनं गाडी सुरू केली होती. त्या मागं बसल्या आणि मांडवाच्या वाटेवर कागद डोळ्यांपासून लांब धरून पाहू लागल्या. एकावर दाट मजकूर, एकावर बारीक चित्रं. एकावर लांब लांब ओळी. आणि एकावर आखूड ओळी, एकाखाली एक, आणि वर ठळक अक्षरांत, चष्म्याशिवायही वाचता येईल असं: रामराव ढोले.

नव्या अष्टकात तिसरं कडवं मुलीच्या बापावर होतं. त्यात रामरावांचं नाव होतं, इतकं त्यांना पक्कं आठवत होतं.

“सापडलं,” त्या जहीरच्या कानाशी म्हणाल्या, आणि बाकीचे तीन कागद घडी करून त्याच्या खिशात कोंबले.

*

मांडव गच्च होता. फुलसावंगीची मंडळी एका बाजूला नव्या कोऱ्या फेट्यांत, बाभुळगावची दुसऱ्या बाजूला. मामांनी अंतरपाट धरला. भटजींनी सुरुवातीचं एक म्हटलं आणि माईक रीतसर सरकत सरकत बाईंच्या हातात आला. शेजारी सुरभीची आजी तानाबाई खुर्चीवर बसली होती. जयाबाई तिच्याकडे वाकून म्हणाल्या, “आजी, तुमचा चष्मा द्या जरासा.” तानाबाईंनी नाकावरचा काढून दिला. बाईंनी तो लावला, घसा साफ केला, कागद उलगडला आणि वाचलं.

रामराव ढोले यांचे थ्रेशर
पट्टा नवीन टाकणे
बेअरिंग दोन्ही बदलणे
चाळणी जुनीच, साफ करून
वंगण
नटबोल्ट लागतील तसे
तुरीच्या हंगामाआधी

त्यांनी कागद उलटून पाहिला. मागं कोरं होतं.

मांडवात सगळे थांबले होते. मुठी अक्षतांनी भरलेल्या, हात अर्धवट उचललेले. जयाबाईंच्या ओठांवर आपोआप कळी आली. त्यांना दिसलं की पुढच्या रांगेतल्या बायांचे ओठही कळीसाठीच उघडले आहेत. एवढ्या लग्नांनंतर सगळ्यांना ती पाठ होती, सुरात सूर मिळवायला सगळ्या तयार होत्या. म्हटली असती तर कुणाला काही कळलं नसतं. एका पोरीशिवाय.

त्या पोरीचे अंतरपाटाखालून पाय दिसत होते. मेंदीच्या झरोक्यांनी भरलेले, आणि अंगठा जमिनीवर हलकेच ताल धरून वाट पाहत होता. फक्त माह्यं.

जयाबाईंनी कागदाकडे पाहिलं. पट्टा, असं म्हणत होता कागद. पट्टा नवीन टाकणे. पट्टा हा शब्द जड. शार्दूलविक्रीडित वृत्ताची सुरुवात जडच लागते. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कागद पुन्हा सरळ धरला. पट्ट्यानं काय होतं? दोन चाकं जोडली जातात. मग? मग एक फिरलं की दुसरं फिरतं. त्यांनी माईक तोंडाशी नेला, आणि पुढची ओळ काय येणार ते ठाऊक नसताना गायला सुरुवात केली.

पट्टा जोडुनि चाक चालत असे, संसारही त्यापरी
थोडे वंगण गोड बोल असु दे दोघांचिया अंतरी

पहिली ओळ संपता संपता मांडवाच्या मागल्या खांबाशी उभा असलेला जहीर ताठ झाला. दुसऱ्या ओळीला त्यानं खिशातले कागद काढून पाहिले, आणि मग तोंडावर रुमाल धरला. जयाबाईंना आता पुढचं दिसू लागलं होतं. जे शब्द हाकेला येत नव्हते ते सगळे जणू जहीरच्या गॅरेजमध्ये जाऊन बसले होते, आणि आता एकामागून एक हात वर करत होते.

दाणे येति घरी, कुटार उडु दे वाऱ्यासवे अंबरी
आनंदे सुरभी पियूष जुळले, कुर्यात् सदा मंगलम्

अक्षता उडाल्या. नेहमीपेक्षा उंच, मळणीतल्या भुशासारख्या उडाल्या, असं नंतर सगळे म्हणाले. दुसऱ्या कडव्यात बेअरिंग आलं: दिसत नाही पण सगळा भार सोसतं, ते म्हणजे आईबाप. इथं रामराव, जे इतका वेळ भुवया जवळ घेऊन ऐकत होते, त्यांना आपलं थ्रेशर ओळखू आलं. त्यांनी डोळ्यांना उपरणं लावलं. हसत होते की रडत होते, ते त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नाही. तिसऱ्यात चाळणी आली: जुनीच असू द्या, साफ ठेवा, माणसांचे गुण धरा आणि दोष खाली पडू द्या. चौथ्यात नटबोल्ट लागतील तसे आले, म्हणजे सासूसासरे, दीर-नणंदा, फार आवळायचे नाहीत, फार सैल सोडायचे नाहीत. फुलसावंगीच्या एका फेटेवाल्यांनी शेजाऱ्याला विचारलं, “इकडची रीत आहे काय ही?” शेजारी बाभुळगावचा होता. तो म्हणाला, “जुनी आहे.”

अंतरपाट थरथरत होता, कारण धरणारे दोन्ही मामा हसत होते. त्याच्या मागं सुरभीचे खांदे हलत होते. ओढणीखालून तिचा आवाज आलाच, बारीक, “बाबाचं थ्रेशर,” आणि पियुषनं पलीकडून, त्या दिवशी अजून तोंडही न पाहिलेल्या बायकोला विचारलं, “काय?” ती म्हणाली, “मंग सांगते.” त्यांच्या संसारातलं पहिलं बोलणं ते हेच.

पाचव्या कडव्याला कागदावर उरलं होतं फक्त ‘तुरीच्या हंगामाआधी’. जयाबाई थांबल्या. मग त्यांनी तेही घेतलं. सुगीच्या तोंडावर निघालेली मुलगी, मागं उभं राहिलेलं शेत, आणि ती गेल्यावरही वाऱ्यानं वाजत राहणाऱ्या शेंगा. एवढा वेळ हसणारा मांडव त्या कडव्याला एकदम गप्प झाला. तानाबाई चष्म्याशिवायच डोळे पुसत होत्या. पाच कडव्यांचं अष्टक होत नाही, हे भटजींना माहीत होतं, पण त्यांनी हिशेब न करता तारस्वरात ‘सावधान’ म्हटलं, अंतरपाट खाली आला, आणि बँड फुटला.

*

पंगती बसल्यावर मांडवामागच्या खोलीत चौघं जमली, आणि नवरी पाच मिनिटांसाठी पळून आली. जहीरनं खिशातले तीन कागद चटईवर पसरले. एकावर कपाशीच्या बियाण्यांची यादी. एकावर मेंदीचे मोर. तिसरा सुरभीनं उचलला, वाचला, आणि तिचं तोंड उघडंच राहिलं.

गुलाबाची कळी. आणि शेवटच्या ओळीत, थोडीशी ओढून बसवलेली, निशिगंधा.

“हे कसं?” जयाबाई म्हणाल्या. “हे तं जुनं. नवं कुठं आहे?”

गझालानं फोनवरून खात्यात खोलवर शिरून पाहिलं. बोट फिरवता फिरवता तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिघी जयाबाई रोज रात्री इमानानं ढगात जात होत्या. कृषी केंद्राची, गॅरेजची आणि मेंदीची. चौथी पहिल्या दिवशी गेली होती, तेवढीच. त्यानंतर ती एकदाही गेली नव्हती. रोज सकाळचा ‘सर्व काही सुरक्षित’ हा निरोप इतर तिघींचा होता.

“बाई,” ती म्हणाली, “तुम्ही रात्री संगणक बंद करता?”

“मेन ओढते नं. दिवेलागणीले.”

 मग जहीर म्हणाला, “म्हणजे बाईनं बरोबर कागद उचलला असता, तं सुरभीच्या लग्नात निशिगंधाचं लग्न लागलं असतं.”

आधी सुरभी हसली. मग गझाला. मग रामराव, ज्यांना लेकीच्या लग्नात हसावं की नाही याचा दिवसभर संकोच होता, ते चटईवर बसले आणि पोट धरून हसले. जयाबाई एकट्या हसल्या नाहीत. आठवडे घालवलेलं ते आठ कडव्यांचं अष्टक आता कुठंच नव्हतं. यंत्रात नाही, ढगात नाही, त्यांच्या डोक्यातही नाही. त्यांनी त्याच्यासाठी मनातल्या मनात एक क्षण थांबून घेतलं. बरं होतं ते. चौथं कडवं खोकत होतं, पण बरं होतं.

“सुरभी,” त्या म्हणाल्या, “तुले जे देणार होती ते हरवलं गं.”

“मले जे पाहिजे होतं ते भेटलं,” सुरभी म्हणाली. “त्यात कोणाचं नाव टाकून पाहा बरं. बसेल, पण थ्रेशर कोणाचं आणतीन?”

आणि ती पळाली, कारण बाहेर पियुष तिला शोधत होता. त्याला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

नवी डिस्क बसली. सॉफ्टवेअरनं पुन्हा विचारलं, या संगणकाला नाव काय द्यायचं? यावेळी गझालानं चौघांना बसवून प्रत्येकाचं वेगळं नाव टाकायला लावलं. रामराव आणि जहीर तयार होईनात, बरं दिसत नाही म्हणाले, तेव्हा ‘जयाबाईंचे रामराव’ आणि ‘जयाबाईंचा जहीर’ यावर तडजोड झाली. दिवेलागणीला जयाबाई अजूनही समई लावून आत येतात, हात सवयीनं मेन स्विचपर्यंत जातो आणि तिथंच थांबतो. कोपऱ्यातल्या ढगावरचा बाण आता पळताना दिसतो. त्या त्याला हात जोडून झोपायला जातात.

सुरभीचं अष्टक मात्र त्यांनी संगणकात घातलेलं नाही. पंधरा दिवसांत कळंबहून एक गृहस्थ बायकोला घेऊन आले, मुलीची पत्रिका पुढं ठेवली आणि म्हणाले, “बाई, आमच्या पोरीले ते थ्रेशरवालं पाहिजे. नाव तेवढं बदलून द्या.”

“ते देता येत नाही,” जयाबाई म्हणाल्या. “ते एकाच मुलीचं आहे.”

गृहस्थांचा चेहरा पडला. बाईंनी त्यांना चहा दिला, चष्मा पुसून नाकावर नीट बसवला, आणि कोरा कागद पुढं ओढला. कडेनं घंटा, वर श्री चिंतामणी.

“तुमच्या घरी काय बिघडलं आहे ते सांगा.”

गृहस्थ गोंधळले. त्यांनी छताकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“मोटारपंप,” बायको म्हणाली. “दिवाळीपासून हवा धरते.”

“उत्तम,” जयाबाई म्हणाल्या. “आधी पलीकडे जहीरकडे जा. त्याच्याकडून अंदाजपत्रक लिहून आणा.”